तीन बोटं जात नसतील तर लग्नापर्यंत थांबू नकोस

पत्र:

“डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं वय २४. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे. कॉलेजपासून मावा खातो. आधी दिवसाला दोन-तीन व्हायचे, आता सात-आठ होतात. चार-पाच महिने झाले, तिखट खाल्लं की तोंडात आग पडते. घरात शेंगाचटणी मी सोडून सगळे खातात. मागच्या आठवड्यात मित्रांबरोबर पाणीपुरी खायला गेलो तर पुरी तोंडात जाईना. ते म्हणाले, काय बे, तोंड शिवलंय का तुझं? मेडिकलवाल्याला सांगितलं तर म्हणाला, तोंड आलंय. त्यानं गोळ्या आणि लावायला जेल दिलं. तेवढ्यापुरता फरक पडतो. वहिनी मागं लागलीय की डॉक्टरला दाखवा. पण मला ताप नाही, वजन घटलेलं नाही, दिवसभर उभा राहून गठ्ठे मोजतो, काही होत नाही. डॉक्टरकडं गेलं की कॅन्सरचं नाव काढणार, तुकडा काढणार, आणि तुकडा काढला की पसरतं असं सगळेच म्हणतात. त्यात घरी माझ्यासाठी मुली बघणं चालू आहे. सिव्हिलला कुणी बघितलं तर बोभाटा होईल. या वयात असं काय होतं, मॅडम? लग्न झाल्यावर निवांत दाखवलं तर चालेल का?”

– एक वाचक, सोलापूर

उत्तर:

नाही चालणार. लग्न पुढच्या महिन्यात असो की पुढच्या वर्षी, तू या आठवड्यात दाखव. का, ते आता सविस्तर सांगते, कारण नुसतं “दाखव” तुला वहिनीनंही सांगितलंय आणि तू ऐकलेलं नाहीस.

आधी एक काम कर. हात स्वच्छ धू, आरशासमोर उभा राहा आणि जेवढं उघडेल तेवढं तोंड उघड. आता स्वतःच्याच हाताची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक अशी उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघ. तुझ्या वयाच्या धडधाकट माणसाची तीन बोटं आरामात जातात. दोनच जात असतील किंवा तिसरं कोंबावं लागत असेल, तर तुझं तोंड “आलेलं” नाही, ते आखडत चाललंय. पाणीपुरीच्या गाड्यावर मित्र हसले खरे, पण तपासणी त्यांनी बरोबर केली होती.

पत्र वाचून मी निदान करत नाही, तोंड बघितल्याशिवाय कुणी करूही नये. पण वर्षानुवर्षं माव्यातली सुपारी, तिखटानं होणारी आग आणि कमी उघडणारं तोंड या तीन गोष्टी एकत्र आल्या की आमच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते ओरल सबम्यूकस फायब्रोसिसचं. दातांचे डॉक्टर त्याला ओएसएमएफ म्हणतात. सुपारीत अ‍ॅरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. सुपारी गालात धरली की ते आतल्या नाजूक अस्तरात उतरतं. त्यानं तिथं कोलॅजन, म्हणजे कातडीखाली ताकद देणारे जे तंतू असतात ते, गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि शरीराला ते मोडून टाकता येत नाहीत. अस्तर आधी लाल होतं, झोंबतं, बारीक फोड येतात. मग ते पांढुरकं पडतं. मग आत पट्टे तयार होतात.

हे पट्टे हाताला कसे लागतात ते सांगते. सोलापूरच्या पूर्वभागात, कामगारांच्या वस्तीत, दवाखाना असल्यामुळं तुझ्यासारखी मुलं माझ्यासमोर रोज बसतात. ग्लोव्ह घालून बोट गालाच्या आतून फिरवलं की निरोगी गाल मऊ लागतो, ओला, बोट ढकललं तर बाहेर येणारा. आखडलेल्या गालात बोट सरकतच नाही. वरून खाली उभ्या दोऱ्या लागतात, मागावर चढवलेल्या ताण्यासारख्या घट्ट. टॉर्च मारला की गुलाबी असायला हवं तिथं फिकट, संगमरवरी पांढरं दिसतं. पडजीभ आक्रसलेली असते. जीभ बाहेर काढ म्हटलं की ती ओठापाशी येऊन थांबते. समोरचा मुलगा म्हणतो, “मॅडम, दुखत तर नाही.” नाहीच दुखत. ओएसएमएफचा तोच घात आहे. आग होण्याचा काळ लोक जेलवर काढतात, आणि आग कमी झाली की बरं झालं समजतात. तोवर तोंड एका बोटानं कमी झालेलं असतं.

तुझी आग अजून चालू आहे. ऐकायला विचित्र वाटेल, पण मला ही त्यातल्या त्यात बरी बातमी वाटते. तू बहुधा अजून सुरुवातीच्या बाजूला आहेस. या टप्प्यावर सुपारी पूर्ण बंद झाली आणि उपचार मिळाले तर आग आणि फोड बरेच आटोक्यात येतात, तोंड आणखी आखडणं थांबवता येतं, व्यायामानं थोडं परतही मिळवता येतं. पट्टे एकदा पक्के झाले की मावा सोडला तरी ते आपोआप विरघळत नाहीत. तू लग्नानंतरपर्यंत जो वेळ मागतोयस तो याच हिशेबातून जाणार आहे.

मावा म्हणजे काय ते तुला शिकवायला नको. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या कागदात घालून हातानं घोटलेलं. यातल्या तंबाखूला सगळे घाबरतात, सुपारीला कुणी घाबरत नाही. सुपारी पूजेला चालते, पानात चालते, जेवणानंतर आजी देते, बारशाला वाटतात. म्हणून माझ्याकडं येणारी निम्मी मुलं अभिमानानं सांगतात, “तंबाखू सोडली मॅडम, आता नुसती सुपारी.” अरे, तोंड आखडवते ती सुपारीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर करते, असं स्वच्छ म्हटलंय. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२पासून बंदी आहे. टपरीवर प्रत्यक्षात काय मिळतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आता तुझा मुख्य प्रश्न, “या वयात असं काय होतं?”

होतं, कारण हा आजार वयाकडं बघत नाही, सुपारी किती वर्षं आणि दिवसातून किती वेळ गालात होती ते बघतो. तू सतराव्या-अठराव्या वर्षी सुरुवात केली असशील. म्हणजे तू २४ वर्षांचा असलास तरी तुझ्या गालाची नोकरी सहा-सात वर्षांची झाली, तीही ओव्हरटाइम धरून. विशी-तिशीतली मुलं या आजारात भरपूर दिसतात. २०१६-१७च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४ टक्क्यांहून जास्त प्रौढ खायची, चघळायची तंबाखू वापरत होते. चौघांत एक. तुमच्या डिस्पॅचला किती जण आहेत ते तूच मोज.

आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. सरकारची जी तपासणी मोहीम आहे, ज्यात बीपी, साखर आणि तोंडाचा कॅन्सर बघतात, ती तीस वर्षांवरच्यांसाठी आहे. आशाताई फॉर्म घेऊन घरी येते ती तुझ्या आईबाबांसाठी, फार तर दादासाठी. लहानपणी तुला लस टोचायला आई नेत होती. शाळेत असताना डोळे-दात बघायला कुणीतरी यायचं. चाळिशीनंतर बायको ओढत नेईल. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत तुझ्या तब्येतीसाठी कुणी दार वाजवत नाही. मुलींचं बाळंतपणाच्या निमित्तानं तरी रक्त तपासलं जातं, मुलांचं तेही नाही. म्हणून या वयात स्वतःहून गेलास तरच गेलास.

“ताप नाही, वजन कमी नाही” असं तू लिहितोस. हा कॅन्सर बराच पुढं गेल्यावरचा हिशेब आहे. वजन घटण्याची वाट बघून डॉक्टरकडं जायचं म्हणजे गाडीच्या इंजिनातून धूर यायची वाट बघत ऑइल बदलायचं नाही, असं झालं.

मला विचारशील तर लवकर दाखवायला जाण्यातली गोम ही की ती भेट फार कंटाळवाणी असते. वीस मिनिटं. तोंड उघड, जीभ बाहेर काढ, पट्टीनं दातांमधलं अंतर मोजलं, गालातून बोट फिरवलं, काही गोळ्या, व्यायाम, “सुपारी बंद” आणि महिन्यानं परत ये. सिनेमात दाखवावं असं त्यात काही घडत नाही. उशिरा आलेल्यांच्या भेटीत मात्र सगळं घडतं. घरचे चार जण येतात, कुणीतरी बाहेर बसून रडतं, कागदाची जाड फाईल असते, पुण्या-मुंबईच्या गाड्यांची चौकशी असते. तुला आत्ता त्या कंटाळवाण्या भेटीचा नंबर मिळतोय.

मेडिकलवाल्याबद्दल माझा राग नाही. तो बी कॉम्प्लेक्स देतो, त्यानं नुकसान होत नाही. तू काउंटरवर त्रास सांगितलास, त्यानं “तोंड आलंय” म्हणून त्याचं औषध दिलं. तोंड बघायला त्याच्याकडं ना खुर्ची ना टॉर्च. तोंडात लावायच्या बऱ्याच जेलमध्ये बधिर करणारं औषध असतं. म्हणजे जी आग तुला सांगत होती की काहीतरी बिघडलंय, तीच तू तेवढ्यापुरती झाकतोस, आणि वर पुन्हा मावा धरतोस. एक साधा नियम पाठ कर: तोंडातलं कुठलंही अल्सर, चट्टा, गाठ दोन आठवड्यांत गेली नाही तर ती कुणाच्या तरी डोळ्यांखालून गेली पाहिजे. तुझे चार-पाच महिने झालेत.

आता तुकडा काढण्याचं. “हात लावला की पसरतं” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कोण म्हणणार हे चेहऱ्यावरून ओळखते. हा समज आला कुठून, तर माणसं फार उशिरा येत. तोवर आजार पसरलेलाच असे. मग तपासणी होई, महिन्या-दोन महिन्यांत माणूस खालावे, आणि शेजारीपाजारी म्हणत, “चांगला होता, सुई लावली आणि गेला.” तोंडातला तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. भूल दिलेल्या जागेवरून मुगाएवढा भाग घेतात, लागला तर एखादा टाका पडतो, तू त्याच दिवशी घरी जातोस. शिवाय प्रत्येकाचा तुकडा काढतात असंही नाही. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारं अल्सर, कडक गाठ असं काही संशयाचं असेल तर काढतात. तुझ्या बाबतीत काढायला सांगितला तर काढू दे. तो अहवाल काहीही आला तरी तुझं भलंच करेल, कारण पुढं काय करायचं ते त्यावरच ठरतं.

कॅन्सरचा शब्द तू काढलास म्हणून आकडाही सांगते, लपवत नाही. ओएसएमएफ झालेल्यांपैकी पुढं कॅन्सर होणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरात साधारण चार ते आठ असं सांगितलं जातं. म्हणजे बहुतेकांना होत नाही. हे वाचून तू सुटकेचा श्वास टाकशील, तर थांब. उरलेल्या नव्वदेक जणांचं तोंड काही उघडत नाही. भाकरीचा घास बारीक करावा लागतो, अक्कलदाढ किडली तर दातांच्या डॉक्टरांचं हत्यार मागंपर्यंत पोचत नाही, बोलणं दबकं होतं. आणि जे कुणी सांगत नाही ते असं: उद्या तुझं अपेंडिक्स दुखलं किंवा गाडीवरून पडलास आणि ऑपरेशनची वेळ आली, तर भूलतज्ज्ञ पहिल्यांदा म्हणतो, “तोंड उघडा.” श्वासाची नळी तोंडातून घालायची असते. तोंड दीड बोट उघडत असेल तर साध्या ऑपरेशनची भूलही अवघड होऊन बसते. मला या मुलांची जास्त काळजी वाटते ती याच कारणानं.

कॅन्सर असलाच तरी लवकर आणि उशिरा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लहान जखमेवर असताना सापडलेला तोंडाचा कॅन्सर बहुतेकदा ऑपरेशनवर बरा होतो. मानेत गाठी उतरल्यावर जबड्याचा भाग, किरणं, केमो अशी साखळी लागते. महात्मा फुले योजनेत हे उपचार बसतात, पण योजनेत बसणारा पेशंट होण्यापेक्षा केसपेपरवर भागणारा पेशंट हो.

जायचं कुठं? केगावला डेंटल कॉलेज आहे, पुणे रोडवर. डेंटल कॉलेजात ओरल मेडिसिन नावाचा विभाग असतो, तो नेमका याच कामाचा. तुला सिव्हिलला कुणी बघेल ही भीती आहे ना, मग केगावला जा. दातांच्या कॉलेजात दिसलास तर “दाढ दुखतेय” म्हणालास तरी कुणी पुढं विचारत नाही. सिव्हिललाही कान-नाक-घशाचे आणि दातांचे डॉक्टर आहेत. नाहीतर तुमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांपासून सुरुवात कर, ते पुढं पाठवतील. एमबीबीएस हवा की बीडीएस हवा यावर महिना घालवू नकोस.

गेल्यावर खरं बोल. “मावा खातोस का?” “कधीतरी.” हा संवाद आम्हाला तोंडपाठ आहे आणि “कधीतरी” ऐकलं की आम्ही मनातल्या मनात दुप्पट करतो. दिवसाला सात-आठ, कुठल्या गालात धरतो, रात्री झोपतानाही असतो का, किती वर्षं झाली, हे सगळं जसंच्या तसं सांग. मेडिकलमधून घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर ने. डॉक्टर ओरडतील, ही शक्यता धरून चल. आमच्यातले काही जण ओरडतात, आणि त्यामुळंच तुझ्यासारखी मुलं येत नाहीत, असं माझं मत आहे. कुणी फार ओरडलं तर दुसऱ्याकडं जा, पण घरी बसू नकोस.

उपचार काय असतात तेही सांगते, म्हणजे अंधारात राहणार नाहीस. हिमोग्लोबिन बघतात, कमी असेल तर भरून काढतात. लायकोपीनसारख्या गोळ्या देतात. गरज वाटली तर गालात आतून इंजेक्शनं देतात, काही आठवडे, ठरावीक अंतरानं. झोंबतात, पण सोसवतात. आणि व्यायाम. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या असतात ना, त्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, काही दिवसांनी एक वाढवायची. डॉक्टर किती आणि कशा ते दाखवतील, मनानं कोंबू नकोस. मुलं हा व्यायाम पंधरा दिवस करतात आणि सोडतात. कारखान्यात गाडी भरायची वाट बघत बसतोस तेव्हा कर. तोंड फारच कमी उघडायला लागलं की मग ऑपरेशनची गोष्ट निघते.

पण मावा चालू ठेवून यातलं काहीही केलंस तर पैसे पाण्यात. आणि मावा सोडणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. जे म्हणतात त्यांनी कधी सोडलेला नसतो. पहिले तीन-चार दिवस वाईट जातात. डोकं धरतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. नंतर दोनेक आठवड्यांत बरंच हलकं होतं. तलफ येते तेव्हा ती काही मिनिटांचीच असते. त्या मिनिटांत पाणी पी, जागेवरून ऊठ, कुणालातरी फोन लाव. बडीशेप, लवंग, वेलदोडा जे चालेल ते तोंडात टाक, फक्त सुपारी नको. “सुगंधी” आणि “मीठी” लिहिलेलीही नको. निकोटिनच्या गोळ्या, च्युइंग गम, पट्ट्या मिळतात, त्या डॉक्टरांना विचारून घे. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फोन आहे, फुकट आहे, पलीकडचा माणूस नाव-गाव काढून कुणाला सांगत नाही.

तुझी खरी अडचण मात्र तुमच्या कारखान्याच्या दारातली टपरी आहे, हे मला इथं बसून दिसतंय. तिथंच चहा, तिथंच मावा, तिथंच उधारीची वही. गाडी उशिरा आली की वेळ तिथंच जातो. भूक मारायलाही मावाच. म्हणून आधी त्या टपरीची उधारी मिटव. वही बंद झाली की रोज तिथं थांबायचं निमित्त निम्मं कमी होतं. डबा वेळेवर खा. जो मित्र पाणीपुरीच्या गाड्यावर सगळ्यात मोठ्यानं हसला, त्याला म्हण, “घाल तीन बोटं.” मी पैज लावते, त्या घोळक्यात तू एकटा नसशील.

लग्नाचं. यावर माझं मत जरा कडक आहे. तू पोहे खायला ज्या घरी जाशील, तिथल्या पोरीनं तुझा पगार, शिक्षण, घर सगळं विचारून घेतलेलं असेल. मावा खातो का हेही ती विचारेल, आणि विचारलं नाही तर तिच्या आईला तुझे दात बघून कळेल. दाखवून, सोडून, उपचार सुरू करून गेलास तर तुला सांगायला एक सरळ वाक्य आहे: “मला मावा होता, त्यानं तोंडाला त्रास झाला, सोडलाय, डॉक्टरकडं जातो.” हे पहिल्या भेटीत नको, पण होकार व्हायच्या आत तिला एकटीला गाठून सांग. लपवून लग्न केलंस तर महिन्याभरात तिला सगळं कळेल. मग ती आजारावर रागावणार नाही, तुझ्यावर रागावेल, आणि तो राग उतरायला इंजेक्शन नाही. आणि एखादं स्थळ एवढ्यावरून मोडलंच, तर मोडू दे.

एक दखल इतर वाचकांसाठी, कारण या पत्रासारखी पत्रं मला वेगवेगळ्या अवयवांवरून येतात. पुण्याहून सुट्टीला आलेला मुलगा लिहितो की रक्तदान शिबिरात बीपी जास्त म्हणून परत पाठवलं, पण डोकं तर दुखत नाही. वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही, आणि विशीत सापडलं तर किडनीसारखं कारण शोधायलाच हवं. कॉलेजातली मुलगी लिहिते की पाळी दोन-दोन महिने येत नाही, आई म्हणते लग्नानंतर नीट होईल. अंडाशयाला “लग्न” कळत नाही, दाखवून घे. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला टीबीसाठी तपासायचा, तो सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात. पुरुषांनी अंडकोषातली न दुखणारी गाठ लाजेनं लपवू नये, तो कॅन्सर तरुणांमध्येच जास्त दिसतो आणि लवकर सापडला तर फार चांगला बरा होतो. बाकी सगळ्यांनी वर्षातून एकदा बीपी मोजावं. एवढ्यासाठी हजारो रुपयांचं “फुल बॉडी पॅकेज” घ्यायची काही गरज नाही. वर्तमानपत्राबरोबर येणाऱ्या त्या जाहिराती मी तरी सरळ रद्दीत टाकते.

परत तुझ्याकडं. वहिनीला बरोबर ने. दादाला किंवा आईला आत्ता सांगायचं नसेल तर नको सांगू, पण एकटा गेलास तर गेटवरून परत येशील, हे तुझ्या पत्राच्या सुरावरून मला वाटतं. वहिनी परत येऊ देणार नाही. ओपीडी सकाळी असते, रविवारी बंद, आणि सोमवारी गर्दी फार. मंगळवारी किंवा बुधवारी अर्धी सुट्टी टाक, सकाळी लवकर केसपेपर काढ. त्या दिवशी सकाळचा मावा खाऊ नकोस, तोंड नीट दिसायला हवं. मालकाला दाढ दुखतेय म्हण. आणि पट्टीनं मोजल्यावर किती मिलिमीटर निघालं तो आकडा लिहून घे, पुढच्या महिन्यात तुलना करायला लागेल. तो मला कळव.